न पाहिलेला वळू

अक्षय तृतीयेच्या सकाळी नत्थूजींच्या फाटकाबाहेर दोन वळू येऊन उभे राहिले, आणि कोठ्यात बांधलेल्या पाच कालवडींपैकी एकीनेही त्यांच्याकडे मान वळवली नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा गोपिकेच्या ध्यानात आली. घरची थोरली सून म्हणून त्या सकाळी तिच्यामागे शंभर कामं होती. पुरण शिजत होतं, पितरांच्या नावानं भरायच्या घागरी धुवायच्या होत्या, शहरातल्या सक्करदऱ्याहून धाकटा दीर जितेंद्र आणि जाऊ कामिनी येऊन टेकले होते. तरी जनावरांपुढे कुटार टाकायचं निमित्त करून ती कोठ्यात गेली. अडीच-तीन वर्षांच्या पांढऱ्याशुभ्र, गवळाऊ जातीच्या कालवडी. बाहेर वळू डुरकतो आहे म्हटल्यावर त्यांनी दावं ताणायला हवं होतं. त्या मात्र निवांत रवंथ करत बसल्या होत्या. पाहुणे दुसऱ्याच मुलीला पाहायला आलेत हे माहीत असलेल्या बायांसारख्या.

गेले दोन महिने त्यांचं असंच काहीतरी चाललं होतं. ऊन डोक्यावर आलं की पाचही जणींचं रवंथ एकाच क्षणी थांबायचं. पाचही उठायच्या आणि फाटकाकडे तोंड करून ओळीनं उभ्या राहायच्या. शेपटी हलायची नाही. डोळ्यावर माशी बसली तरी पापणी लवायची नाही. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ, मग एकेक करून खाली बसायच्या. फाटकात कोणी नसायचं. गोपिकेनं हे नवऱ्याला, अनंतला, सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय?

"वहिनी, बाहेर या, पाहा तर खरं!" जितेंद्रनं हाक मारली.

जितेंद्र मिहानमधल्या एका कंपनीत होता. पण गेली दोन वर्षं त्याच्या डोक्यात घरच्या गवळाऊ जनावरांनी घर केलं होतं. टेम्पोतून त्यानं काटोलकडचा एक वळू आणला होता. उंचापुरा, तेल लावल्यासारखा चकचकीत, वशिंड एवढं की मागचा माणूस दिसू नये. दुसरा वळू शेजारच्या गावच्या मारोतरावांचा. तो चालत आला होता. अंगानं आटोपशीर, शांत. तो अनंतला पसंत होता. दोघा भावांचं गेला महिनाभर फोनवर यावरूनच वाजत होतं.

गोपिकेचे सासरे नत्थूजी कडुनिंबाखाली बाजेवर बसून दोन्ही जनावरं न्याहाळत होते. चौऱ्याहत्तरी उलटलेला माणूस, पण पाठ ताठ.

"बाबा, याची वासरं पाहाल तर असे असे निघतात!" जितेंद्रनं दोन्ही हात फाकवून दाखवलं.

 दारातूनच गोपिका म्हणाली, "भाऊजी, ते वासरं मोठ्या गाईचे की पहिलारू कारवडीचे?"

"त्यानं काय फरक पडते?"

"ज्या कारवडीले पडाचा तिले पडते."

जितेंद्र हसला. नत्थूजी हसले नाहीत. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

त्यांना काय आठवलं असेल हे गोपिकेला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत या घरचा वळू नत्थूजी निवडत नसत. ते काम त्यांच्या धाकट्या भावाचं, वामनरावांचं होतं. वामनराव बिनलग्नाचे, डावा पाय घाशीत चालायचे आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचे. पण वळूच्या कपाळावर आणि खांद्यावर हात फिरवून त्याचं वासरू कालवडीला झेपेल की नाही हे ते सांगायचे, आणि ते कधी चुकलं नव्हतं. गोपिका नवी नवरी होऊन आली तेव्हा अडलेलं वासरू काढायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. 'हात आत गेला की डोये मीट,' ते म्हणायचे. 'डोये उघडे असले की हाताले दिसत नाही.'

मग एका साली नत्थूजींना एक मोठा वळू आवडला. वामनराव नको म्हणाले. नत्थूजींनी ऐकलं नाही. त्या वेताला सात कालवडींपैकी पाच अडून मेल्या. वामनरावांनी ओढून ओढून स्वतःचा खांदा निखळवून घेतला. त्यानंतर ते भावाशी एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी घरातून निघून गेले आणि खिंडसी तलावाच्या काठी बाभळीला टेकून बसलेले सापडले. डोळे उघडे, अंगावर ओरखडा नाही. तेव्हापासून घरात वामनरावांचं नाव फक्त या एका दिवशी, घागर भरताना घेतलं जायचं.

"आधी आत तर घ्या सांडाले," नत्थूजी मारोतरावांना म्हणाले. "कारवडीईले पाहू द्या."

मारोतरावांनी वळूची दोरी ओढली. वळू फाटकापर्यंत आला आणि थांबला. पुढचे पाय रोवून, मान खाली घालून. मारोतरावांनी चुचकारलं, मागून अनंतनं रेटलं. वळूच्या मांड्या थरथरायला लागल्या, पण त्यानं पाय उचलला नाही.

"असा करत नाही गा हा कधी," मारोतराव घाम पुसत म्हणाले. "दुसऱ्या सांडाची जागा असली तरच अडते. तुमच्याकडं दुसरा हाये का?"

"अकरा वर्सांपासून खुंटा रिकामा हाये," नत्थूजी म्हणाले.

काटोलच्या वळूचंही तेच झालं. टेम्पोवाल्यानं शेपूट पिरगाळलं तेव्हा तो एवढा मोठा देह मागच्या मागे फिरून टेम्पोच्या फळीला जाऊन चिकटला.

*

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर रोशनी दहा वाजता आल्या. वळू लावायच्या आधी कालवडींची तपासणी करून घ्यायची हा आग्रह गोपिकेचा होता. कोणाची हाडं अजून अरुंद आहेत, कोणाला वर्षभर थांबवायचं, हे कळलं असतं. डॉक्टरीणबाईंनी खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा चढवला, तेल लावलं आणि पहिल्या कालवडीच्या मागे उभ्या राहिल्या. हिचं नाव बुगडी, पाचांत सगळ्यांत लहान चणीची.

त्यांचा हात आत गेला आणि चेहरा बदलला. त्यांनी पुन्हा एकदा चाचपून पाहिलं.

"हिला कोणता वळू दाखवला होता?"

"कोणताच नाही," अनंत म्हणाला. "ते दोघं बाहेर उभे आहेत, त्यातला ठरवाचा आहे."

"कृत्रिम रेतनाची कांडी भरली होती?"

"नाही मॅडम."

"मग ही गाभण कशी?"

जितेंद्र पुढे झाला. "काहीतरी चूक होऊन राहिली तुमची."

डॉक्टरीणबाईंनी दुसरी कालवड तपासली. तिसरी. चौथी. पाचवीपाशी येईपर्यंत कोठ्यात सगळं घर जमलं होतं.

"पाचही," त्यांनी मोजा काढला. "दोन महिन्यांच्या. आणि सगळ्यांचा गर्भ सारखा आहे. म्हणजे जवळपास एकाच दिवशी. इंजेक्शनं देऊन माजावर आणल्याशिवाय पाच कालवडी एका दिवशी माजावर येत नाहीत हो. मी तरी पाहिल्या नाहीत."

कामिनी बोटांवर दिवस मोजत होती. "दोन महिने म्हणजे... महाशिवरात्र."

महाशिवरात्रीला सगळं घर अंभोऱ्याला दर्शनाला गेलं होतं. नत्थूजी, अनंत, गोपिका, शहरातून आलेले जितेंद्र-कामिनीही. संध्याकाळी परतले तेव्हा फाटकाची साखळी जशीच्या तशी होती, कुलूप बंद होतं. आवाराला छातीइतकी दगडी भिंत. लम्पीच्या साथीच्या भीतीनं कालवडी पौषापासून चरायला सोडलेल्याच नव्हत्या.

"दादा," जितेंद्रचा आवाज चढला, "तू मारोतरावले चाबी देऊन गेला होता का? गुपचूप आपलाच सांड लावून घेतला न् आता नाटक करून राहिला?"

"माहा सांड त्या दिवशी मौद्याले होता," मारोतराव फाटकातूनच म्हणाले. "आन् आजचं पाह्यलंच तुमी. तो आत पाय टाकते का?"

"मग वहिनीनं केलं असेल. मोठा सांड यायच्या आधीच..."

"जित्या!" अनंत ओरडला.  

त्या गोंधळात घरापुढच्या छपरीतून यमुआत्याचा आवाज आला. यमुआत्या म्हणजे नत्थूजींची आणि वामनरावांची थोरली बहीण, ब्याऐंशी वर्षांची. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. अंभोऱ्याच्या दिवशी घरात एकटी तीच होती.

"काहून भांडून राहिले गा?" ती म्हणाली. "सांड तर येऊन गेला. वामन घेऊन आला होता."

*

वळू परत गेले. डॉक्टरीणबाई निघताना बाजूला घेऊन अनंतला म्हणाल्या, "बाप कोण ते माहीत नाही. एखादा अवजड संकरित वळू असेल तर या कालवडींचं अवघड आहे. अजून वेळ आहे, इंजेक्शन देऊन गर्भ पाडता येईल. परवा इकडे फेरी आहे माझी. तोपर्यंत घरात बसून ठरवा."

पितरांची पानं वाढली गेली. पुरणपोळी, वडे, कुरडया, चिंचवणी. घागरींवर खरबुजं ठेवली. नत्थूजींनी वडिलांचं नाव घेऊन पाणी सोडलं, आईचं घेतलं, बायकोचं घेतलं. चौथ्या घागरीपाशी त्यांचा हात थांबला. ओठ हलले, नाव निघालं नाही. त्यांनी तसंच पाणी सोडलं आणि उठले.

जेवणं कशी झाली कोणाला कळलं नाही. मग सगळे छपरीत बसले. बाहेर उन्हाच्या झळा अशा, की रामटेकचा गड पाण्यात हलावा तसा हलत होता. महिनाभर एकमेकांवर खार खाणारे दोघे भाऊ आज पहिल्यांदा एका बाजूला होते.

"पाडून टाकू," जितेंद्र म्हणाला. "कोण्या चोराचा सांड भिंतीवरून घुसला असेल. आपली जात बिघडवाची नाही."

"मलेही तेच वाटते," अनंतनं मान हलवली. "रिस्क कोण घेईन?"

"छातीएवढ्या भिंतीवरून सांड?" कामिनी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. कामिनीला गोठ्याच्या वासानं मळमळायचं. येताना ती गाडीतून चपला बदलून उतरायची. गोपिकेशी तिचं नातं 'हो ताई, नाही ताई' एवढंच होतं. "आणि पाडून टाकू म्हणजे काय? तुमच्या अंगातून पडणार आहे का? माझं पहिलं गेलं तेव्हा मी पाच महिन्यांची होते. त्यानंतर दोन वर्षं माझं अंग माझं नव्हतं. पाचही जणींचं एकदम करायचं म्हणता, आणि त्यातल्या एकीलाही विचारलं नाही. ताईंना तरी विचारा. हात यांनाच घालावा लागतो ना?"

 गोपिकेनं जावेकडे पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

"मामाजी, तुमी सांगा," ती म्हणाली.

नत्थूजी भिंतीकडे पाहत होते. "पाडा," ते म्हणाले.

"काहून?"

"काहून म्हणजे? सांगतलं ना, पाडा!"

"तुमचा यमुआत्यावर विश्वास नाही म्हणून?"

म्हाताऱ्यानं मान वळवली. गोपिकेनं सासऱ्याच्या डोळ्यांत कधी भीती पाहिली नव्हती. आज तिथे दुसरं काहीच नव्हतं.

"विश्वास हाये म्हणूनच पाडा म्हणतो," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या साली पाच मेल्या होत्या. आता पाचच गाभण हायेत. वामन हिशेब पुरा करून राहिला वं. त्यानं मोठ्यातला मोठाच आणला असन. मले तोच दिवस पुन्यांदा दाखवाले."

त्याच वेळी समोर कोठ्यात पाचही कालवडी उठल्या. दावणीच्या साखळ्या एकदाच वाजल्या. फाटकाकडे तोंड करून त्या ओळीनं उभ्या राहिल्या.

"हे काय?" कामिनी कुजबुजली.

"रोज करतात," गोपिका म्हणाली. "महाशिवरात्रीपासून."

जितेंद्र उठून फाटकापर्यंत गेला. रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहून परत आला. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. "कोणीच नाही," तो म्हणाला, आणि बसताना बायकोच्या जवळ सरकून बसला.

गोपिका उठली. छपरीच्या कोपऱ्यात यमुआत्या पाय पसरून बसली होती. गोपिका तिच्यासमोर मांडी घालून बसली. तिच्या डोक्यात भुताखेताचं काही नव्हतं. वळू आला होता एवढं खरं. पाच पोटं त्याची साक्ष देत होती. आणि या घरात त्या वळूला भेटलेलं माणूस एकच होतं.

"यमुआत्या, तो वामनकाकाजीच होता हे कशावरून?"

"डावा पाय घासत आला ना. माह्या भावाचं चालणं मले कळत नाही का?"

"बोलले काही?"

"वामन कधी बोलते? फाटक वाजलं नाही. निसता आला. मी म्हटलं, आला का गा? तर सांड माह्याजवळ आणून उभा केला. पाहा म्हणून. लहानपणीबी असंच करे. कोणताबी सांड आणला का पहिले मले दाखवे."

"मग तुमी पाह्यला?"

"पाह्यला ना. हातानं."

"मले सांगा. डोस्कं कसं होतं?"

यमुआत्यानं दोन्ही हात वर केले. गोपिका त्या हातांकडे श्वास रोखून पाहत राहिली. म्हातारीचे सुरकुतलेले पंजे हवेत एका कपाळाभोवती ठरले. वीतभर, त्याहून थोडं जास्त. अरुंद. मग हात खाली आले, गालांवरून, जबड्यावरून, निमुळत्या नाकाडापर्यंत. हवेत काही नव्हतं, तरी ते हात कशावरून तरी फिरत होते. एका जागी अडून वळत होते, खळगा आला की बुडत होते.

"शिंगं?"

"बोटभर. मागं गेलेले."

"खांदा?"

म्हातारीनं हात पुढे करून गोपिकेचेच खांदे धरले, चाचपले. "तुह्यापेक्षा थोडा भरला. पण उतरता. हाडं बारीक. मी खुराले हात लावला, तर खूर लहान. पाठ लांब." ती थांबली. "एक मातर होतं वं. अंग थंड होतं. उन्हातून आला, घाम नाही, धूळ नाही. विहिरीतल्या दगडासारखं गार. मी म्हटलं वामन, याले बरं नाही का? तर तो गेला."

कामिनीनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. अनंत जमिनीकडे पाहत होता.

गोपिका डोळे मिटून बसली. अरुंद कपाळ, उतरता खांदा, बारीक हाड, लांब पाठ. तिला बाजारात उभं करून हजार वळू दाखवले असते आणि कालवडींसाठी एक निवड म्हटलं असतं, तर तिनं असाच निवडला असता. काकाजींनीच तिला तसा निवडायला शिकवलं होतं.

ती उठून नत्थूजींपुढे गेली. सासऱ्याच्या इतक्या जवळ ती कधी उभी राहिली नव्हती.

"मामाजी, त्या साली काकाजीईनं कोणत्या सांडाले नाही म्हटलं होतं?"

"मोठ्याले."

"मग ते मोठा आणतीन काहून?"

नत्थूजींनी नजर वळवली, तरी गोपिका थांबली नाही.

"ते तुमच्यावर रागावले होते. पोरीईवर नाही. पाच पोरी मेल्या तर चार दिवस जेवले नव्हते ते. अशा माणसानं पुन्हा पाच मारासाठी सांड आणला, हे तुमी बोलू कसे शकता?"

"आन् मेल्या तर?"

"तर माह्या हातात मरतीन. मग मले म्हणा काय म्हणाचं ते. पण मी नाही पाडू देत."

कोठ्यात कालवडी एकेक करून खाली बसत होत्या. शेवटची खाली बसेपर्यंत नत्थूजी त्यांच्याकडे पाहत राहिले.

"अनंता," शेवटी ते म्हणाले, "डॉक्टरीणबाईले फोन कर. परवा येऊ नका म्हणा."

*

त्या दिवसानंतर कालवडी दुपारच्या उभ्या राहिल्या नाहीत. एकदाही नाही. जून गेला, धानाची रोवणी झाली, बांध्या हिरव्या झाल्या आणि पिवळ्या पडल्या. गोपिका रोज त्यांच्या कुशीला हात लावून पाही. पोटं वाढत होती, पण बेतानं. जितेंद्रचा फोन आठवड्यातून दोनदा यायचा. पहिल्यांदा तो कालवडींचं विचारी, मग वहिनींचं, मग बाबांचं. कामिनी दिवाळीला आली ती परत गेलीच नाही. "मी इथंच थांबते तोपर्यंत," ती म्हणाली. जनावरांसाठी सरकीची ढेप भिजवायला ती शिकली, शेणात पाय पडला तरी ओरडेनाशी झाली.

एकदा गोपिकेनं यमुआत्याला पुन्हा त्या दिवसाचं विचारलं. म्हातारी तिच्याकडे आंधळे डोळे रोखून म्हणाली, "कोन वामन? वामनले जाऊन अकरा वर्सं झाली वं बाई. असं काय विचारतेस?"

वेत आलं ते मार्गशीर्षात, धान कापून पेंढ्याचे, तणशीचे ढीग लागल्यावर. त्यातही पाचही जणींनी दिवस एकच निवडला. सकाळी नऊला पहिली अस्वस्थ झाली. गोपिकेनं हात कोपरापर्यंत धुऊन तेल लावून ठेवलं. त्याची गरज पडली नाही. दोन पाय आले, त्यावर ठेवलेलं लहानसं नाक आलं, आणि कालवडीनं तीन कळा दिल्या तसं वासरू तणशीवर घसरलं. अंगानं हलकं, लांबट, चार मिनिटांत उभं राहायला धडपडणारं. दुसरीचं तसंच. तिसरीचं कामिनीनं एकटीनं पुसलं, आणि ते उभं राहिलं तेव्हा तिथेच बसून ती हुंदके देऊन रडली. चौथीही मोकळी झाली.

बुगडी राहिली. बुगडीला सकाळी दहापासून कळा येत होत्या आणि बारा वाजता बाहेर एकच खूर दिसत होता.

"डॉक्टरीणबाईले लावला का फोन?" गोपिकेनं विचारलं.

"मौद्याकडे आहेत. तास लागेल म्हणतात," अनंत म्हणाला. 

बुगडीजवळ तास नव्हता. ती आडवी पडली होती, डोळे वर गेले होते. तेवढ्यात कोठ्याच्या दारात अंधारून आलं. नत्थूजी उभे होते. त्या सालानंतर वेताच्या दिवशी ते कोठ्यात पाऊल ठेवत नसत. ते काही न बोलता आत आले, गुडघे टेकून बसले आणि बुगडीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

"घाल हात," ते म्हणाले.

गोपिकेनं हात घातला आणि डोळे मिटले. दुसरा पाय मागे दुमडलेला होता. मान वळून डोकं कुशीकडे गेलं होतं. कळ आली की तिचा दंड बांगड्यांसकट चिरडल्यासारखा व्हायचा. ती थांबायची, कळ ओसरली की वासराला इंचभर मागे लोटायची. असं सहा-सात वेळा झालं. तिच्या बोटांना जबडा लागला. तिथून तिनं नाकाडाची वाटी पंज्यात धरली आणि सगळा जीव एकवटून डोकं फिरवलं. दोन बोटं जागा होती. कपाळ दोन बोटं रुंद असतं तर ते फिरलं नसतं. ते फिरलं. मग पाय सरळ व्हायला वेळ लागला नाही.

वासरू बाहेर आलं ते निपचित. अनंतनं मागचे पाय धरून उलटं केलं, गोपिकेनं नाकातोंडातली लाळ काढली, तणशीची काडी नाकपुडीत घातली. वासरू शिंकलं.

"कालवड आहे," अनंत म्हणाला.  "पाचही कालवडीच झाल्या."

नत्थूजी बुगडीचं डोकं मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "त्यानं चांगलाच आणला होता वं," ते म्हणाले. "माह्या भावानं चांगलाच आणला होता. आन् मी काय समजलो."

गोपिका कोठ्याच्या दारात येऊन टेकली. दोन्ही हात रक्तानं आणि तेलानं माखलेले. पाठ बाहेरच्या उन्हाकडे. समोर पाच आया पाच लेकरांना चाटत होत्या. बुगडीही धडपडत उठली आणि चाटायला लागली. त्या खरखरीत जिभांशिवाय कसलाच आवाज नव्हता. बाहेर कडुनिंबावरचे कावळे केव्हा गप्प झाले तिला कळलं नाही.

मग चाटणं थांबलं. पाचही जणींनी एकदम माना वर केल्या. त्या गोपिकेकडे पाहत नव्हत्या, तिच्या खांद्यावरून पलीकडे, अंगणात पाहत होत्या. ओल्या अंगानं थरथरणाऱ्या वासरांचे कानही तिकडेच वळले. बुगडीनं मान लांब केली, खाली केली, आणि डोळे अर्धे मिटले. गळ्याखाली कोणी खाजवत असलं की जनावर मिटतं तसे.

"कोन हाये वं?" नत्थूजींनी आतून विचारलं, अगदी हळू.

गोपिकेनं मागे वळून पाहिलं नाही. हात माखलेले होते म्हणून मनगटाच्या मागच्या बाजूनं तिनं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला, आणि दारातून बाजूला सरकून वाट दिली.